ॲप टाकायचं की पत्ता उघडायचा?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत एका काकूंनी आम्हाला अडवलं. म्हणाल्या, "ताई, एक जण म्हणतो ॲप टाका, दुसरा म्हणतो लिंक उघडा. काम दोन्हीकडं तेच होतंय. मग ह्यात फरक काय? आणि फरक नसेल तर ते ॲप माझ्याच फोनमध्ये का बसंना?" बाकीच्या हसल्या. आम्हीही हसलो, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं तर नीट सांगताच येईना. रोज वापरतो ती गोष्ट आपल्याला समजलेली असते असं नाही. त्यानंतर चार जाणत्या लोकांना विचारलं, आपल्या गटांचे अनुभव आठवून बघितले, आणि आज ते तुमच्यापुढं ठेवतोय.

आधी फरक काय तो सांगतो. आपल्या आजीच्या घरी जातं होतं. आपल्या घरातलं, आपल्या हक्काचं. त्याला लाईट लागत नाही, कुणाच्या दारात जावं लागत नाही, पहाटे तीनला उठून दळायला बसलं तरी विचारणारं कोणी नाही. पण जातं ठेवायला घरात जागा लागते. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावी लागते, आणि ती प्रत्येक घराला आपापली लावून घ्यावी लागते. मग गावात गिरणी आली. गिरणी आपल्या घरात नाही. आपण फक्त डबा घेऊन जायचं. गिरणीचा दगड झिजला तर गिरणीवाला एकदा दुरुस्त करतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचं पीठ बारीक निघतं. पण लाईट गेली की गिरणी बंद, आणि डबा घेऊन आपण दारात उभ्या.

ॲप म्हणजे जातं. ते आपल्या फोनच्या आत आणून बसवावं लागतं, फोनच्या मेमरीत जागा अडवतं, आणि मधून मधून अपडेट मागतं, म्हणजे टाकी लावायला सांगतं. वेबसाईट म्हणजे गिरणी. ती कुठंतरी दूर मोठ्या संगणकावर असते, त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्या फोनमध्ये क्रोम नावाचं रंगीत गोल चित्र असतं, ते ब्राउझर. ब्राउझर म्हणजे गिरणीकडं जाणारा रस्ता. त्यात पत्ता टाकला की गिरणी दारात. आपल्या फोनमध्ये वेगळं काही बसवायची गरज नाही.

आता काकूंच्या फोनमध्ये ॲप का बसत नव्हतं? जातं कुठल्याही घरात ठेवता येतं, ॲपचं तसं नाही. अँड्रॉइड फोनसाठी केलेलं ॲप आयफोनमध्ये चालत नाही. आयफोनचं अँड्रॉइडमध्ये चालत नाही. करणाऱ्याला दोन्हीसाठी काम करावं लागतं, कधीकधी दोन वेगळी माणसं लावून. आणि अँड्रॉइडमध्येही जुना-नवा भेद असतो. काकूंचा फोन त्यांच्या मुलाने नवा घेतल्यावर त्यांच्याकडं आलेला. जुना फोन आणि ॲप नव्या अँड्रॉइडसाठी बनवलेलं. व्हॉट्सॲपसारखं घराघरातलं ॲपसुद्धा आता अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर चालत नाही. फोन चांगला आहे, बोलणं होतंय, फोटो निघतोय, पण ॲपने त्याला टाकून दिलं.

तुमच्यापैकी अनेकींकडं २०१७ नंतर बटणांचा जिओफोन आला असेल. तो अँड्रॉइड नव्हता, त्याच्या आत कायओएस नावाची वेगळी व्यवस्था होती. म्हणून अँड्रॉइडचं कुठलंच ॲप त्यात जात नव्हतं. व्हॉट्सॲप त्या फोनवर आलं ते २०१८ च्या सप्टेंबरात, आणि तेही त्या फोनसाठी मुद्दाम वेगळं तयार करावं लागलं. मोठी कंपनी होती म्हणून तिने केलं. एखादं सरकारी खातं, एखादी संस्था प्रत्येक फोनसाठी वेगळं ॲप कशाला करत बसेल? पण त्याच जिओफोनमध्ये ब्राउझर होता. साध्या वेबसाईट त्यात पहिल्या दिवसापासून उघडत होत्या. छोट्या पडद्यावर, बटणं दाबत दाबत, पण उघडत होत्या.

हे सगळं कुणाला तरी फोनचं कौतुक वाटेल. आमच्या लेखी हा प्रश्न फोनचा नाही, कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार ह्याचा आहे. २०२४ चा जुलै आठवा. २८ जूनला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, १ जुलैपासून अर्ज सुरू. महिन्याला १५०० रुपये. आधी मुदत १५ जुलैपर्यंतच होती, मग ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, पुढंही वाढली. ऑनलाईन अर्जासाठी आधी होतं ते नारीशक्ती दूत नावाचं ॲप, अँड्रॉइड फोनसाठीचं. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत, सेतूत कागदी अर्ज. ऑगस्टमध्ये वेबसाईट सुरू झाली.

त्या पहिल्या दिवसांत आमच्या गावात मारुतीच्या पारावर काय चित्र होतं ते सांगतो. वीस-पंचवीस बाया, आणि ॲप चालेल असे फोन पाच. त्यातले तीन पोरांचे. एका फोनची मेमरी व्हॉट्सॲपवरच्या 'शुभ सकाळ'च्या फोटोंनी गच्च भरलेली. ॲपला जागा करायला त्या पोराने सगळे फोटो उडवले, त्यात त्याच्या बहिणीच्या हळदीचे फोटोही गेले. अजून ती बोलत नाही त्याच्याशी. पाच फोनच्या मालकांना दिवसभर बसवून ठेवावं लागलं, कारण ॲप त्यांच्याच फोनमध्ये होतं. वेबसाईट आल्यावर तेच काम ग्रामपंचायतीच्या संगणकावर झालं, सेवा केंद्रात झालं, एका मैत्रिणीने पुण्याच्या लेकीला फोनवर कागद पाठवून तिच्याकडून करून घेतलं. गिरणी एक, डबा कुठूनही आणा.

पण वेबसाईट आली म्हणजे सगळं सुटलं असं समजू नका. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली, ती वेबसाईटवरच. ॲप नको, मेमरी नको. तरी बाया अडकल्या. कशात? ओटीपीत. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. नवरा पुण्यात कामाला, त्याचा फोन लागंना. कुणाच्या आधारला जोडलेला नंबर केव्हाचा बंद पडलेला. विधवा आणि एकट्या बायांनी काय करायचं हा प्रश्न तर आधी कुणालाच सुटत नव्हता. मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली, तोवर इकडच्या कितीतरी जोड्या उसाच्या तोडीला निघून गेल्या होत्या. गिरणीपर्यंतचा रस्ता सगळ्यांसाठी मोकळा होता, पण गिरणीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात.

त्याच सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात काय झालं ते सांगायची गरज नाही. परंडा, भूम भागात पाणी घरात शिरलं, माणसं छपरावरून काढावी लागली. परंडा तालुक्यातल्या एका गटाची गोष्ट मात्र सांगतो, कारण आजचा विषय आमच्या डोक्यात तिथूनच पक्का बसला. त्या गटाने दोन वर्षांपूर्वी हिशेबासाठी एक ॲप घेतलं होतं. शहरातल्या एका मुलाने करून दिलेलं. छान होतं, मराठीत होतं, व्याज आपोआप काढत होतं. सचिव ताई हुशार, त्यांनी सगळे हिशेब त्यात भरले आणि हळूहळू वहीत लिहायचं बंद झालं. पुराच्या रात्री त्या लेकरं आणि म्हातारी सासू घेऊन निघाल्या, फोन पाण्यात गेला. नंतर कळलं की ते ॲप सगळा हिशेब त्याच फोनमध्ये ठेवत होतं, दुसरीकडं कुठंच नाही. बारा जणींची दोन वर्षांची बचत, कर्जाचे हप्ते, व्याज, सगळं त्या चिखलातल्या फोनमध्ये. करून देणाऱ्या मुलाला फोन लावला, तर त्याने ते काम सोडून नोकरी धरलेली.

वही असती तरी पाण्यात गेलीच असती, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण हिशेब परत उभा राहिला तो वहीतूनच. बारा जणींची बारा छोटी पासबुकं बारा घरांत होती, त्यातली आठ वाचली. बँकेच्या खात्याचा उतारा काढला. उरलेलं आठवणीने, एकमेकींना विचारत, दोनदा भांडणं होऊन जुळवलं. दीड महिना गेला. कर्जाचा पुढचा हप्ता त्यामुळं लांबला, तो नेमका रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आम्हीही आधी चुकीचं समजत होतो. प्रत्येक ॲप हिशेब फोनमध्येच ठेवतं असं नाही. पुष्कळ ॲप फोनमध्ये लिहितात आणि रेंज आली की दूरच्या सर्व्हरवर पाठवून देतात. फोन बुडाला तरी दुसऱ्या फोनमध्ये तेच ॲप टाकून, आपला नंबर घातला की सगळं परत दिसतं. वेबसाईटचा हिशेब मुळातच तिकडं असतो. म्हणून ॲप आहे की वेबसाईट ह्याच्या बरोबरीने विचारायचा प्रश्न असा, की आमचं दळण कुठं ठेवलंय? ते आम्हाला कधीही काढून नेता येईल का? कागदावर छापून, किंवा एक्सेलच्या फाईलमध्ये? करून देणारा उद्या निघून गेला तर? त्या ताईंना हे कुणी विचारायला शिकवलं नव्हतं. आम्हीही नाही शिकवलं, हे कबूल करतो.

मग ॲप नकोच का? तसं नाही. ई-पीक पाहणी बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, सातबाऱ्यावर पिकाची नोंद त्यावरून होते. आता बालाघाटाच्या उतारावरच्या रानात, ओढ्याच्या काठाला रेंज कुठं असते? रेंज नाही म्हणजे गिरणीचा रस्ता बंद. अशा जागी फोटो काढायचा, आपण नेमकं कुठं उभं आहोत ते फोनने उपग्रहावरून धरायचं, सगळं फोनमध्येच साठवायचं आणि गावात आल्यावर वर पाठवायचं, हे काम फोनमध्ये बसवलेलं ॲप जास्त भरवशानं करतं. रानात जातंच कामाला येतं. शिवाय एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणजे शेजारणीचा फोन चालतो. ज्या बाईच्या नावावर सातबारा आहे आणि हातात फोन नाही, तिला ह्याचा उपयोग आहे. आपल्याकडं अशा किती जणी आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

टाकी लावायची कटकट मात्र तिथंही आहेच. नवी आवृत्ती आली की जुनं काढून नवं टाकायचं. ते माहीत नसलं की माणूस भर उन्हात बांधावर उभा राहून जुन्या ॲपशी झटापट करत बसतो.

कटकट किती वाढू शकते ते अंगणवाडी ताईंना विचारा. पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ च्या मार्चमध्ये देशभर आलं. आपल्या राज्यातल्या सेविकांकडं त्याआधी मिळालेले सरकारी फोन होते, कमी मेमरीचे. ॲप त्यात नीट चालत नाही, फोन तापतो, आणि भाषा इंग्रजी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन परत करण्याचं आंदोलन केलं. फोन दिला तोही सरकारी, ॲप दिलं तेही सरकारी, पण एकाचं माप दुसऱ्याला बसंना. त्याच वर्षी लसीकरणाच्या नोंदणीची कोविन वेबसाईटही आधी इंग्रजीतच होती. जूनमध्ये तिथं हिंदी आणि मराठीसकट दहा भाषा आल्या. त्या आल्या तेव्हा कुणाला फोनमध्ये काही नवं टाकावं लागलं नाही. गिरणीत एकदा बदल झाला, सकाळी सगळ्यांना मराठी दिसायला लागलं.

मोठ्या कंपन्याही ह्या पेचातून सुटलेल्या नाहीत. पहिला आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा बाहेरच्या लोकांना त्यात ॲप टाकायची सोयच नव्हती. कंपनीचं म्हणणं, वेबसाईट करा, ब्राउझरमध्ये चालवा. वर्षभरात मत बदललं आणि २००८ च्या जुलैमध्ये ॲपचं दुकान उघडलं. मग सगळं जग ॲपच्या मागं लागलं. आपल्याकडं २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मोबाईलवरची वेबसाईट बंद करून टाकली, खरेदी करायची तर ॲप घ्या. मिंत्राने तर संगणकावरचीही बंद केली. आणि झालं काय? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने मोबाईलसाठी हलकी वेबसाईट परत आणली, पुढच्या वर्षी मिंत्राही वेबसाईटवर परतली. लोकांच्या फोनमध्ये जागा नाही, नेट हळू, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

त्या हलक्या वेबसाईटची गंमत आपल्या उपयोगाची आहे. ती होती वेबसाईटच, पण फोनच्या पडद्यावर तिचं चित्र ठेवता येत होतं, ॲपसारखं. आताही अशा वेबसाईट निघतात. क्रोममध्ये पत्ता उघडला की वर कोपऱ्यात तीन टिंबं असतात, त्यात 'होम स्क्रीनवर जोडा' असं लिहिलेलं सापडतं. ते दाबलं की पडद्यावर चित्र येतं. पुढच्या वेळी पत्ता टाइप करायला नको, चित्रावर बोट ठेवलं की झालं. जागा अगदी थोडी लागते. करणाऱ्याने नीट केली असेल तर रेंज नसतानाही ती उघडते आणि भरलेली माहिती धरून ठेवते. घरातल्या छोट्या चक्कीसारखं म्हणा. फक्त एक सांभाळायचं, धरून ठेवलेली माहिती वर पाठवायच्या आधी कुणी ब्राउझर साफ केला तर ती जाते. पोरं गेम खेळायला जागा करताना हेच करतात.

आता जरा वेगळ्या दिशेला वळतो, कारण हे सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही. ॲप घरात घेतो म्हणजे आपण एक पाहुणा घरात घेतो. तो विचारतो, तुमच्या फोनमधले नंबर बघू का, मेसेज वाचू का, फोटो बघू का. आपण घाईत 'हो, हो, हो' दाबत जातो. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी ह्याचाच फायदा घेतला. आठवडाभराचं कर्ज, हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे मेसेज. सासरी, माहेरी, शाळेतल्या सरांना. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की कर्जाच्या ॲपनी फोनमधली नंबरांची यादी, फोटो, कॉलची नोंद ह्यांना हात लावायचा नाही. नियम झाला, पण चोर नियम वाचून चोरी करत नाही. वेबसाईटला फोनमधली सगळी नंबरांची यादी आणि मेसेज असे उपसता येत नाहीत. कॅमेरा किंवा ठिकाण हवं असलं तर ती आधी विचारते.

म्हणून वेबसाईट साधी भोळी असते असंही नाही. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खोट्या वेबसाईट निघतात. तिथं पत्ता वाचायला शिकावं लागतं. राज्य सरकारची असेल तर पत्त्याचा शेवट बऱ्याचदा 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा असतो, केंद्राची असेल तर 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'. ही अक्षरं पत्त्याच्या मधेच कुठंतरी घुसवलेली असतील आणि शेवट वेगळाच असेल, तर बोट मागं घ्या. आणि व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' अशा नावाची एपीके म्हणून फाईल आली, तर ती मुळीच उघडू नका. ते चोराने पाठवलेलं जातं आहे. ॲप घ्यायचंच तर प्ले स्टोअरमधून, आणि तिथंही कुणी केलंय ते नाव वाचून.

ॲप आणि वेबसाईट दोन्ही शहाणपणानं कसं वापरता येतं ह्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नाबार्डने १५ मार्च २०१५ ला ई-शक्ती नावाचा प्रकल्प दोन जिल्ह्यांत सुरू केला, झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे. बचत गटांचे हिशेब संगणकावर आणायचे. नंतर तो देशभरात अनेक जिल्ह्यांत गेला. त्याची घडण बघण्यासारखी होती. गावात जाऊन गटाचा हिशेब भरणारी कार्यकर्ती फोनच्या ॲपवर भरायची, कारण ती गावोगाव फिरायची आणि रेंजचा भरवसा नसायचा. बँकेचा अधिकारी तोच हिशेब वेबसाईटवर बघायचा, त्याला काही टाकून घ्यावं लागत नव्हतं. आणि गटातल्या बाईला साधा एसएमएस जायचा, जो बटणाच्या फोनवरही यायचा. तीन माणसं, तीन वेगळे रस्ते, हिशेब एकच. हे बघितल्यावर आम्हाला वाटलं, आपण उगाच 'ॲप की वेबसाईट' करत बसलो. कुणासाठी, कुठं उभं राहून, कुठल्या फोनवर, हे आधी विचारायला पाहिजे होतं.

तर आम्ही काय ठरवलं ते सांगतो. आमच्या काही गटांचा माल आहे. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पोहे, भूमकडच्या मैत्रिणींचा खवा. एक तरुण आला, म्हणाला तुमच्या विक्रीचं ॲप करून देतो. चित्रं छान दाखवली. पूर्वीच्या आम्ही असतो तर तिथंच हो म्हणालो असतो. ह्या वेळी आमच्या एका मावशींनी विचारलं, "बाबा, अर्धा किलो मसाल्यासाठी कोण ॲप टाकून घेतंय?" तो गप्प झाला. खरंच आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर लिंक बघतं, बोट ठेवतं, भाव बघतं, मागवतं. त्याला ॲप टाका म्हटलं की ते 'नंतर बघू' म्हणतं, आणि नंतर बघत नाही.

मग खर्चाचं बोललो. ॲप प्ले स्टोअरवर ठेवायला नोंदणीचे एकदाच २५ डॉलर, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर. आयफोनसाठीही हवं असेल तर वर्षाला ९९ डॉलर, दरवर्षी. शिवाय फोनची व्यवस्था बदलली की ॲप दुरुस्त करून घ्यायचं, त्याची मजुरी वेगळी. वेबसाईटलाही खर्च आहेच, पत्त्याचं आणि जागेचं वर्षाचं भाडं द्यावं लागतं, आणि ते चुकवलं की पत्ता हातातून जातो. म्हणून पत्ता ग्रामसंघाच्या नावावर घ्यायचा, करून देणाऱ्याच्या नावावर नाही, आणि पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडं, लिहून, कपाटात. हे आम्ही कागदावर लिहून घेतलं. तो मुलगा चांगला निघाला, त्याला राग आला नाही. विक्रीची साधी वेबसाईट करायचं ठरलंय, मराठीत, लहान चित्रांची, म्हणजे हळू नेटवरही उघडेल.

गटाच्या हिशेबाचं अजून पक्कं नाही. परंड्याच्या त्या सचिव ताईंनाच आम्ही बोलावलं, सांगा म्हटलं, तुमची कुठली अट. त्या म्हणाल्या, महिन्याच्या बैठकीत हिशेब भरून झाला की त्याचा कागद निघाला पाहिजे, आणि तो सगळ्यांपुढं वाचला पाहिजे. फोनमध्ये काय ठेवायचं ते ठेवा, पण माझ्या बारा जणींच्या बारा घरांत पासबुक राहू द्या. करून देणारे म्हणतात, कागद काढण्याची सोय जोडून देऊ, थोडे पैसे लागतील. पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय घेऊ. तोवर त्या गटात सात जणींकडं बटणाचेच फोन आहेत, आणि ताई दर महिन्याला त्यांची पासबुकं हाताने भरून देतात. नव्या फोनमध्येही त्यांनी हिशेबाचं ॲप अजून टाकलेलं नाही.